घाट येण्याआधीच उतार

निवृत्त झाल्यावर मी विमान चालवायला लागलो. खरं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. आयुष्यभर मी बस चालवली, त्यातली बरीचशी वर्षं रत्नागिरी-कोल्हापूर, म्हणजे आंबा घाटातून वर आणि आंबा घाटातून खाली. घरी बसल्यावर हात शिवशिवायचे. तेवढ्यात जावई आसामात गेला. तोवर तो जयगडच्या बंदरात नोकरीला होता आणि त्याला या विमानांच्या सिम्युलेटरचा भारी नाद. जाताना त्यानं कॉम्प्युटर, मोठा पडदा आणि विमानाचा दांडा, ज्याला तो जॉयस्टिक म्हणतो, आमच्या पडवीत आणून मांडला. म्हणाला, बाबा, तुमचा वेळ जाईल. वेळ तर गेलाच, पण डोकंही गेलं.

सांगायची गोष्ट आहे ती लेकीच्या बाळंतपणाच्या वेळची. पहिलं बाळंतपण माहेरी, असं आमच्याकडे ठरलेलंच असतं. बायकोनं दुपटी शिवून ठेवली होती, डिंक आणि अळीव आणून ठेवले होते. पण गुवाहाटीच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला प्रवास करू नको म्हणून सांगितलं, जास्त वेळ बसूसुद्धा नको म्हणाल्या. लेक फोनवर हसत बोलायची आणि शेवटी तिचा आवाज बारीक व्हायचा. मग आईनंच जायचं असं ठरलं. गाडीनं गेलं तर दिवसचे दिवस, आणि बायकोच्या कमरेला लांज्यापर्यंतचा रस्तासुद्धा सोसत नाही. म्हणजे गोव्यातून विमान, आणि मध्ये एकदा बदलायचं.

मी लगेच बेत केला. तू जा, सावर्ड्याची विहीणबाई जाणारच आहे, तिच्याबरोबर. मी इथं आंब्याच्या कलमांकडे बघतो. मोहोर आलाय, फवारणी आहे, वानरं आहेत, घर असं उघडं टाकून कसं चालेल. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी नाय विमानात बसायची."

का, तर काही नाही. नाही म्हणजे नाही. मला वाटलं, भ्याली. साहजिक आहे, कधी बसलेली नाही. मी तिला समजावलं, मग जरा ओरडलो, कारण माझा राग नाकावर असतो हे सगळ्या आळीला माहीत आहे. ती शांतपणे कोळंबी सोलत राहिली. शेवटी पडवीतल्या पडद्याकडे हात करून म्हणाली की, तुमचं ते विमान धड उतरेल त्या दिवशी बोलू.

तिनं बरोबर माझ्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. माझं विमान उतरत नव्हतं.

दोन पंख्यांचं, साठ-सत्तर माणसं बसतील असं ते विमान. हैदराबादहून निघायचं आणि रत्नागिरीला यायचं, हा माझा रोजचा फेरा. आपल्या विमानतळावर तिकीट काढून बसावं असं विमान त्या वेळी मिळत नव्हतं, पण सिम्युलेटरमध्ये धावपट्टी होती, सड्यावर, म्हणजे आमच्या कातळाच्या माळावर, जिथल्या तिथं. मला दुसरीकडे उतरण्यात गंमत वाटत नसे. हैदराबादहून वर चढेपर्यंत सगळं ठीक. ऑटोपायलट लावला की विमान स्वतःच चालतं, स्वतःच वळतं, वीस हजार फुटांवर दोरीत चालल्यासारखं येतं. घोटाळा व्हायचा तो उतरताना. आंबा घाट ओलांडला की त्याला काय व्हायचं देव जाणे. नाक खाली घालून सुटायचं, वेगाचा काटा तांबड्यात जायचा, खडखड गजर वाजायला लागायचा. वेग आवरावा तर विमान उंच राहायचं आणि धावपट्टीवरून तसंच पुढं समुद्रावर जायचं. कधी मी चिडून दांडा ओढायचो आणि पडदा काळा व्हायचा.

संध्याकाळी वंदना झाली की बायको पडवीत येऊन बसायची. मी खेळायला बसलो की विचारायची, आज कुठं, मिऱ्याला की भाट्याला? म्हणजे विमान मिऱ्याच्या बाजूला समुद्रात जाणार की भाट्याच्या.

आता मात्र हसण्यावारी नेण्याची गोष्ट उरली नव्हती. तिकडे लेकीचे दिवस भरत आले होते आणि इकडे बाईसाहेब या खेळण्यावर अडून बसल्या होत्या. हे विमान सरळ उतरवून दाखवल्याशिवाय ती हलणार नाही, असं मी धरून चाललो. मग मी बसचा बिघाड काढतात तसा एका कडेनं सुरू झालो.

पहिला संशय दांड्यावर. आमच्याकडच्या हवेत मीठ असतं, रेडिओ टिकत नाही तिथं हे नाजूक काम काय टिकणार. मी दांडा खोलला, आत कापसानं पुसला, हवा मारली, परत जोडला. विमान तसंच. मग वाटलं, दांडा आपोआप थोडा हलत असेल आणि ऑटोपायलटच्या कामात लुडबुड करत असेल. दांड्याची वायरच काढून टाकली. विमान तसंच. वारा बंद केला, ढग बंद केले. वजन जास्त होत असेल म्हणून अर्धं तेल काढलं, माणसं उतरवली. रिकामं विमानसुद्धा घाट ओलांडला की तसंच बोंबलत खाली. जावई फोनवरून सांगेल ते करत गेलो. त्यानं ते विमान पुसून नव्यानं भरायला लावलं, त्यात एक अख्खा दिवस गेला, कारण आमचं नेट वाऱ्याबरोबर येतं आणि वाऱ्याबरोबर जातं.

जावयानं पुन्हा पुन्हा एकच विचारलं. विमानातला संगणक स्वतः हिशेब करून उतार सुरू करायची जागा ठरवतो, पण खाली किती फुटांवर जायचं तो आकडा आपण चालकानं भरायचा असतो. आकडा वीस हजारच ठेवला तर जागा आली तरी ते उतरत नाही, आपली वाट बघत तसंच पुढं जातं. तो म्हणाला, बाबा, खालची उंची भरता ना? मी म्हटलं, भरतो म्हणजे काय, दर वेळेला भरतो. आणि मी खोटं बोलत नव्हतो. मी भरतच होतो.

त्यानं मग हात टेकले. म्हणाला, आमच्याकडे आलात की मी बघतो. मी म्हटलं, मी कुठला येतोय, तुझी सासू येतेय. त्याच्या मागून लेकीचा आवाज आला, बाबा नाही येणार? मी कलमांचं सांगितलं. वानरांचंही सांगितलं. फोन ठेवल्यावर बायको कोयत्यानं नारळ सोलत होती, तिनं मान वर केली नाही.

एका संध्याकाळी मी वैतागून ठरवलं की हैदराबादच नको. सगळं बदलून झालं होतं, वाट तेवढी बदलायची राहिली होती. विमान मुंबईला नेऊन ठेवलं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं, समुद्रावरून रत्नागिरीकडे निघालो. वर गेल्या गेल्या खालचा आकडा भरून टाकला. खाली नुसतं पाणी, कशाला ताटकळायचं. हरिहरेश्वराच्या आसपास इंजिनाचा आवाज आपसूक कमी झाला, नाक जरासं, अगदी जरासं खाली आलं आणि विमान उतरायला लागलं. जयगडच्या बंदराच्या बाहेरून आलं तेव्हा ते हवं तेवढ्याच उंचीवर होतं. पुढं सड्यावर धावपट्टी दिसली, मी दांडा हातात घेतला आणि टेकवलं. गजर नाही, काही नाही. बायको भिंतीला टेकून बघत होती.

मी म्हटलं, बघितलंस? उतरलं. तिनं विचारलं, मग रोज का उतरत नाही? मी म्हटलं, तेच तर. सॉफ्टवेअरमध्ये पाणी मुरतंय. देशाकडून आलं की बिघडतं, समुद्राकडून आलं की बरं होतं.

तिनं पडद्यावरच्या नकाशाकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या वाटंवर घाट हाय."

मी म्हटलं, घाट आहेच. म्हणून तर मी घाट ओलांडेपर्यंत विमान वर ठेवतो.

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.

सांगतो काय झालं होतं ते. घाटात गाडी चालवणाऱ्याचा एक नेम असतो. आंबा गावाशी, घाटाच्या तोंडावर गाडी उभी करायची. खाली उतरून चाकांना हात लावून बघायचा, ब्रेकचे ड्रम तापलेत का बघायचे, हवेचा दाब बघायचा, अर्धा चहा प्यायचा. मग पहिल्यांदा गिअर खाली घ्यायचा आणि तेव्हाच उतार सुरू करायचा. त्याआधी उतार नाही. घाटमाथ्यावर गाडी सपाटीलाच चालली पाहिजे. माझ्या गाडीनं कधी संरक्षक भिंतीला अंग घासलं नाही ते या नेमामुळे. तोच नेम मी नकळत विमानाला लावला होता. वीस हजार फुटांवर यायचं, पडद्यावरच्या नकाशात घाटाचं तोंड येऊ द्यायचं, घाट मागे पडला की मगच खालचा आकडा भरायचा. घाटाच्या तोंडापासून आमचा सडा गाडीरस्त्यानं लांब, वळणावळणांचा. विमानाला तेवढंच अंतर म्हणजे नुसता एक श्वास. एवढ्यात वीस हजार फूट उतर म्हटल्यावर ते बिचारं नाक घालून पळणारच. संगणकानं उतार सुरू करायची जागा घाटाच्या कितीतरी अलीकडे, इस्लामपूरच्या आसपास ठरवलेली असायची. ते तिथं खुणा करायचं, पडद्यावर अक्षरं लिहायचं. मी ती अक्षरं वाचायचो आणि म्हणायचो, थांब, अजून घाट यायचाय. आणि एवढं करून सगळं खापर सॉफ्टवेअरच्या माथ्यावर.

पण चूक कळली म्हणून माणूस लगेच बदलतो थोडाच. मी बायकोला म्हटलं, अगो, खाली डोंगर आहेत. उतरायला लागल्यावर डोंगर आले तर? ती म्हणाली की आलं तर आलं, पडदा काळा होईल, रोज होतोच आहे. आज इस्लामपुराहून उतरू द्या त्याला. मी म्हटलं, बघतो उद्या. ती म्हणाली, आत्ता.

मी हैदराबादहून पुन्हा निघालो. तिनं आतून खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली, एरवी ती लांब भिंतीशी बसते. वर गेल्यावर तिच्यासमोर खालचा आकडा भरला. भरल्यावर माझा हात परत आकडा बदलायच्या बटणाकडे गेला. तेव्हा ती म्हणाली, "हात मांडीवर ठेवा. आनी पाय वर घ्या."

मी म्हटलं, पाय कशाला? ती खाली बघत होती. मीही बघितलं. माझा उजवा पाय पडवीच्या लादीवर सपाट रेटलेला होता, बोटं पांढरी पडली होती. तिथं ना पेडल, ना ब्रेक.

हे तिनं आधीही बघितलेलं होतं. लांज्याला लग्नाला जीपमधून गेलो होतो, दुसरा चालवत होता, तेव्हा मी रस्ताभर असाच जमीन दाबत होतो आणि परतीला पोट बिघडल्याचं सांगून मागं राहिलो होतो. लेकीच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी मीच चालवली, मुलीचा बाप असून. लोकांना कौतुक वाटलं. दुसऱ्याच्या हातात चाक आहे आणि मी नुसता बसलोय, हे मला जमत नाही. घाटात तर नाहीच.

मी पाय वर घेतले, खुर्चीवर मांडी घातली, हात मांडीत ठेवले. इस्लामपूर आलं. आवाज बारीक झाला, नाक खाली झालं. पडद्यावर खालून डोंगर जवळ यायला लागले, हिरवे, सुरकुत्यांचे, मी ओळखतो ते. पावनखिंडीकडची रांग, मग घाटमाथ्याचे सडे, मग तो कडा जिथं गाडी उभी करून मी चहा प्यायचो. मी मनात म्हटलं, आता आपटतंय. विमान त्या कड्यावरून चांगलं अंतर ठेवून, कसलीही घाई न करता, खाली येत येत निघून गेलं. साखरपा मागे पडलं, हातखंबा मागे पडला. धावपट्टी दिसली तेव्हा उंची बरोबर होती, वेग बरोबर होता. शेवटचं तेवढं मी हातात घेतलं. टेकलं, धावलं, थांबलं.

मी म्हटलं, झालं? आता बसशील ना विमानात?

बायको उठली, खुर्ची उचलली. म्हणाली, "काढा तिकिटं. दोन काढा."

मी म्हटलं, दोनच, तू आणि विहीणबाई. ती म्हणाली की विहीणबाई मागाहून जाणार आहे, तिचं आणि माझं कधीच ठरलंय. दोन म्हणजे मी आणि तुमी. वानरांना शेजारी हाकलतील. मी काहीतरी बोलायला लागलो, तर तिनं खुर्ची खाली ठेवली.

"मी कवा भ्यालेले?" ती म्हणाली. "तुमाला भेता काय म्हणून इचारलं आसतं तर घर डोक्यावर घेतलं आसतंत. लेक तिकडं बाबा बाबा करत्ये. तुमाला टाकून मी कशी जाऊ?"

इतके दिवस तिच्या भीतीवर मी औषध शोधत होतो. दांडा खोलला, तेल काढलं, वारा बंद केला. ती रोज भिंतीशी बसून बघत होती की हा माणूस कधी पाय वर घेतो. मला रागही आला, तिचा थोडा आणि माझा पुष्कळ, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. मी जावयाला फोन लावला आणि दोन तिकिटं काढ म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही.

खऱ्या विमानात तिला खिडकी दिली. वर ढग लागले, ती बघत राहिली, मग झोपली. मी जागा होतो. गुवाहाटी यायला अजून खूप वेळ आहे असं घड्याळ सांगत होतं आणि इंजिनाचा आवाज बारीक झाला. मला कळलं, आलं आपलं इस्लामपूर. खाली ढगांच्या फटीत डोंगर होते, माझ्या ओळखीचे नव्हते. पायाकडे बघितलं तर तो होताच, जमिनीत रुतलेला. मी तो उचलला. जरा वेळानं परत गेला, परत उचलला. असं करत करत उतरलो. चालक कोण होता, त्याचं तोंडसुद्धा मी बघितलं नाही.

लेक पलंगावर उशांना टेकून बसलेली होती, पोट एवढं मोठं की मला बघवेना. आईला जवळ ओढून तिनं आधी तेच विचारलं. आई, विमानात भ्यालीस का गं? जावई दारात बॅगा घेऊन उभा होता, तोही हसत होता.

बायकोनं पटकन सांगितलं की लय भ्यालेले, बाबांनी हात धरलेला म्हणून बसले. किती सहज बोलली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि लाडवांचा डबा उघडायला लागली.

मला गप्प राहता आलं असतं. तिनं जागा करून दिली होती, नेहमीसारखी.

"ती कसली भिते," मी म्हटलं. "ती झोपली होती. भ्यालो मी."

लेक हसायची थांबली. जावयानं बॅगा खाली ठेवल्या. बायकोचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला, आणि मग ती पदर तोंडाला लावून, पाठ फिरवून, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. लेकीनं सरकून पलंगावर जागा केली आणि म्हणाली, बाबा, इथं बसा. मी पाय वर घेऊन बसलो.